कारखान्यातली मोरी तुंबली तर आपल्या ताटात जंतू कसे येतात? फ्लोअर ड्रेनच्या डिझाइनची सगळी गोष्ट

सप्टेंबर २०११. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात काही लोक गंभीर आजारी पडत असल्याचं आरोग्य यंत्रणेच्या लक्षात आलं. बरेचसे रुग्ण वयस्कर होते. चौकशी केली तेव्हा त्यांच्या खाण्यात एक गोष्ट समान निघाली, ती म्हणजे खरबूज. पुढे ही साथ २८ राज्यांत पोहोचली. १४७ लोक आजारी पडले आणि त्यातले ३३ जण दगावले.

आजाराचं नाव होतं लिस्टेरिओसिस. तो ज्या जिवाणूमुळे होतो त्याचं नाव लिस्टेरिया मोनोसायटोजीनस.

अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाचे अधिकारी ही खरबुजं जिथे धुऊन पॅक होत होती त्या जेन्सन फार्म्सच्या शेडमध्ये गेले. तिथल्या वेगवेगळ्या जागांवरून ३९ नमुने घेतले, त्यातल्या १३ मध्ये हाच जिवाणू सापडला. अहवालात अनेक कारणं नोंदवली गेली. खरबुजं धुण्याची यंत्रं नीट साफ होण्यासारखी नव्हती. शीतगृहात ठेवण्याआधी फळं थंड केली जात नव्हती. आणि आणखी एक कारण होतं, जे वाचून कुणालाही वाटेल की यात काय एवढं. शेडच्या फरशीवर, यंत्रांच्या आणि कामगारांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर पाणी साचत होतं. निचरा नीट नव्हता आणि फरशी सहज धुता येईल अशी बांधलेलीच नव्हती.

फरशीवर साचलेलं पाणी. घरात असं झालं तर आपण वायपर फिरवतो आणि विषय संपतो. कारखान्यात मात्र हा विषय इतका मोठा आहे की त्यासाठी स्वतंत्र मानकं आहेत, नियम आहेत आणि फक्त हेच काम करणारे इंजिनिअर आहेत. या सगळ्याच्या केंद्रस्थानी असते एक साधी वस्तू, फ्लोअर ड्रेन.

फ्लोअर ड्रेन म्हणजे नेमकं काय?

आपल्या बाथरूममध्ये कोपऱ्यात जाळी असते, ती उचलली की खाली पाणी भरलेली वाटी दिसते. प्लंबर त्याला नहाणी ट्रॅप म्हणतात. न्हाणीघरातलं पाणी वाहून नेणारा म्हणून नहाणी. हाच प्रकार मोठा करून कारखान्याच्या फरशीत बसवला की झाला इंडस्ट्रियल फ्लोअर ड्रेन.

त्याचे मुख्य भाग पाच. वर जाळी, तिच्या खाली कचरा अडवणारी बास्केट, मग ड्रेनचं भांडं, त्यात पाणी धरून ठेवणारा ट्रॅप आणि शेवटी पाइप.

पण घरातल्या मोरीत साबण, केस आणि थोडी धूळ जाते. दुधाच्या कारखान्यात जातं दूध, लोणी, गरम कॉस्टिक सोडा आणि ॲसिड. मासळीच्या कारखान्यात खवले, रक्त, मीठ आणि बर्फाचं पाणी. आंब्याचा रस काढणाऱ्या कोकणातल्या कॅनिंग युनिटमध्ये गर, साल आणि धागे. म्हणून घरातली जाळी तिथे चालत नाही.

तो तुंबतो कशामुळे?

याची तीन मुख्य कारणं आहेत.

पहिलं कारण चरबी. तूप, लोणी, मांसाची चरबी गरम असताना पातळ असते आणि पाण्याबरोबर सहज वाहते. पुढे पाइप गार असतो, तिथे ती थिजते. एवढ्यावर थांबत नाही. चरबीतली आम्लं आणि पाण्यातलं किंवा काँक्रीटमधलं कॅल्शियम यांची रासायनिक क्रिया होते आणि साबणासारखा कडक थर तयार होतो. २०१७ मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल भागातल्या गटारात असाच एक गोळा सापडला होता. लांबी २५० मीटर, वजन सुमारे १३० टन. कारखान्याच्या पाइपात याचीच छोटी आवृत्ती तयार होत असते.

दुसरं कारण घन कचरा. भाज्यांच्या साली, पॅकिंगचे तुकडे, लेबलं, हातमोजे. आंब्याचे किंवा उसाचे धागे तर विशेष त्रासदायक, कारण ते एकमेकांत अडकून जाळं तयार करतात आणि मग त्यात बाकीचा कचरा अडकतो.

तिसरं कारण डिझाइनचं. पाण्याला पुरेसा वेग नसेल तर जे वाहून जायला हवं ते तळाला बसतं. आज थोडा गाळ, उद्या त्यावर आणखी थोडा. एक दिवस पाणी उलटं वर येतं.

तुंबला नाही तरी धोका असतो का?

हो. पाणी व्यवस्थित वाहतंय म्हणजे ड्रेन सुरक्षित आहे असं नाही.

ड्रेनमध्ये जिवाणूंना हवं ते सगळं मिळतं. ओलावा, अन्नाचे कण, अंधार आणि निवांतपणा. तिथे ते पृष्ठभागाला चिकटतात आणि स्वतःभोवती एक चिकट थर तयार करतात. याला बायोफिल्म म्हणतात. नळाखालच्या दगडावर हात फिरवला की बुळबुळीत लागतं, तसाच हा प्रकार. या थराच्या आत बसलेल्या जिवाणूपर्यंत जंतुनाशक नीट पोहोचत नाही. वरून कितीही औषध ओता, आतले वाचतात आणि पुन्हा वाढतात.

त्यातही लिस्टेरियाचं एक वैशिष्ट्य आहे. बहुतेक जिवाणूंची वाढ फ्रिजच्या तापमानाला जवळपास थांबते, हा मात्र ४ अंश सेल्सिअसलाही हळूहळू वाढत राहतो. गोठवल्याने तो मरत नाही, फक्त थांबतो. दूध पाश्चराइज करताना तो मरतो. पण त्यानंतर, म्हणजे पनीर कापताना, श्रीखंड भरताना, आइस्क्रीम पॅक करताना तो आला तर पुढे त्याला मारणारी एकही पायरी उरत नाही. ग्राहक हे पदार्थ गरम न करता खातो.

निरोगी माणसाला याचा फार त्रास होत नाही. पण गरोदर बाई, नवजात बाळ, वयस्कर माणूस, कॅन्सरचे उपचार घेणारा रुग्ण यांच्यासाठी तो जीवघेणा ठरतो. आजार गंभीर झाला तर मृत्यूचं प्रमाण २० ते ३० टक्के आहे, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. गरोदरपणात आईला साधा ताप येतो आणि गर्भपात होतो. लक्षणं दिसायला कधीकधी दोन महिन्यांहून जास्त काळ जातो, त्यामुळे नेमकं काय खाल्लं होतं ते आठवतही नाही.

पण ड्रेन खाली आणि अन्न वर. मग जंतू पोहोचतात कसे?

हा प्रश्न साहजिक आहे. याचे मार्ग चार.

एक, पाण्याचा फवारा. कामगार प्रेशरच्या पाइपने थेट ड्रेनमध्ये पाणी मारतो. त्याला वाटतं साफ होतंय. प्रत्यक्षात आतला बायोफिल्म फुटतो आणि अतिशय बारीक थेंबांच्या रूपात हवेत उडतो. हे थेंब पट्ट्यावर, टेबलावर, सुरीवर जाऊन बसतात.

दोन, चाकं आणि बूट. ड्रेनभोवतीच्या डबक्यातून ट्रॉली जाते, बूट जातात आणि ते पाणी पूर्ण शेडभर फिरतं.

तीन, उलटा प्रवाह. पुढे पाइप तुंबला की सगळ्यात खालच्या ड्रेनमधून घाण पाणी वर येतं.

चार, हवा आणि किडे. ट्रॅपमधलं पाणी सुकलं की गटारातली हवा, झुरळं, माश्या यांना मोकळा रस्ता मिळतो.

चौथा मार्ग किती गंभीर होऊ शकतो याचं उदाहरण कारखान्यातलं नाही, एका सोसायटीतलं आहे. मार्च २००३ मध्ये हाँगकाँगच्या आमॉय गार्डन्स या वसाहतीत सार्सची साथ आली आणि तीनशेहून जास्त रहिवासी आजारी पडले. तपासात पुढे आलेलं एक महत्त्वाचं कारण म्हणजे बाथरूममधले फ्लोअर ड्रेन. लोक फरशी धुण्याऐवजी पुसत होते, त्यामुळे ट्रॅपमधलं पाणी सुकलं होतं. त्यात एक्झॉस्ट फॅन सुरू केला की तो पाइपातली दूषित हवा घरात ओढून घेत होता.

कारखान्यातही मोठमोठे एक्झॉस्ट असतात. आणि सुकलेले ट्रॅपही असतात.

मग चांगला ड्रेन कसा असतो?

१. जागा आधी ठरवायची, मशीन नंतर

अनेक कारखान्यांत उलटं होतं. काँक्रीट पडतं, ड्रेन बसतात, मग मशीन येतं आणि नेमकं ड्रेनच्या डोक्यावर बसतं. आता त्या ड्रेनपर्यंत कुणाचा हात पोहोचत नाही, म्हणजे तो साफही होत नाही.

म्हणून कोणतं मशीन कुठे येणार, त्यातून किती पाणी पडणार, हे आधी कागदावर ठरवावं लागतं. ड्रेन पाण्याच्या स्रोताजवळ हवा, पण उघड्या अन्नाच्या अगदी खाली नको. आणि साफ करणारा माणूस तिथे बसून जाळी उचलू शकेल एवढी मोकळी जागा हवी.

२. फरशीचा उतार

ड्रेन कितीही महाग घ्या, फरशीला उतार नसेल तर पाणी त्याच्यापर्यंत जाणारच नाही. साधारणपणे १ ते २ टक्के उतार दिला जातो. म्हणजे दर मीटरला १० ते २० मिमी. यापेक्षा कमी दिला तर डबकी होतात. फार जास्त दिला तर ट्रॉली आपोआप घसरते आणि कामगाराचा पाय सटकतो.

छोट्या खोलीत मधोमध एक चौकोनी ड्रेन आणि चारही बाजूंनी उतार चालतो. मोठ्या हॉलमध्ये असा चारही बाजूंचा उतार काढणं गवंड्यासाठी अवघड असतं आणि मध्ये कुठेतरी खड्डा राहतोच. तिथे लांब चॅनेल ड्रेन बरा. मग फरशीला एकाच दिशेने उतार पुरतो.

३. किती पाणी येणार याचा हिशोब

इथे नेहमी होणारी चूक म्हणजे फक्त धुण्याचं पाणी मोजणं. समजा एका खोलीत चार होज पाइप आहेत आणि प्रत्येकातून मिनिटाला २५ लिटर पाणी येतं. एकूण झालं १०० लिटर. त्यावर ड्रेन निवडला.

पण त्याच खोलीत १००० लिटरची टाकी आहे आणि ती दोन मिनिटांत रिकामी केली जाते. म्हणजे मिनिटाला ५०० लिटर. पाचपट. ड्रेन या आकड्यासाठी हवा. नाहीतर टाकी सोडली की दर वेळी खोलीत तळं होणार आणि कामगार पाणी लवकर जावं म्हणून जाळी आणि बास्केट काढून ठेवणार. एकदा बास्केट निघाली की सगळा कचरा थेट पाइपात.

म्हणजे ड्रेन तुंबण्याचं कारण कामगाराचा निष्काळजीपणा दिसतो, पण मूळ चूक हिशोबाची असते.

४. बास्केटची भोकं

बास्केट दोन कामं करते. कचरा अडवते आणि पाणी सोडते. ही दोन कामं एकमेकांच्या विरोधात जातात.

उदाहरण घेऊ. १०० मिमी व्यासाच्या पाइपाचं तोंड साधारण ७,८५० चौरस मिमी असतं. ६ मिमीच्या एका भोकाचं क्षेत्रफळ साधारण २८ चौरस मिमी. म्हणजे पाइपाएवढी मोकळी जागा हवी असेल तर बास्केटला किमान २८० भोकं हवीत. आणि हे बास्केट रिकामी असताना. शिफ्टच्या मध्यावर ती निम्मी भरलेली असते, म्हणून मोकळी जागा दुप्पट धरणं शहाणपणाचं.

भोकाचा आकार कचऱ्यावर ठरतो. मटार असतील तर वेगळा, मासळीचे खवले असतील तर वेगळा. बास्केटला पकडायला कडी हवी आणि भरल्यावर ती एका माणसाला उचलता आली पाहिजे.

५. आतला आकार

चांगल्या ड्रेनच्या आत बोट फिरवलं तर कुठेही काटकोनी कोपरा लागत नाही. आतल्या कोपऱ्यांना किमान ३ मिमी गोलाई असावी, हा अन्न उद्योगातला मान्य नियम आहे. युरोपातली ईएचईडीजी ही संस्था अशा स्वच्छतेच्या डिझाइनची मार्गदर्शक तत्त्वं तयार करते.

चॅनेलचा तळ सपाट नको, गोल किंवा व्ही आकाराचा हवा. कारण थोडंच पाणी असेल तर सपाट तळावर ते पसरतं, उथळ होतं आणि त्याचा वेग कमी होतो. गोल तळात तेच पाणी मध्ये गोळा होतं आणि गाळ सोबत घेऊन जातं. शिवाय ड्रेन स्वतः पूर्ण रिकामा व्हायला हवा. ट्रॅप सोडून कुठेही पाणी थांबता कामा नये.

वेल्डिंगचे सांधे घासून गुळगुळीत केलेले असावेत. स्क्रू, पत्र्याची दुमडलेली कड, एकावर एक ठेवलेले पत्रे, या सगळ्या जिवाणूंच्या लपायच्या जागा.

६. धातू कोणता?

बिडाचा ड्रेन स्वस्त पडतो, पण गंजतो आणि खडबडीत पृष्ठभागावर बायोफिल्म पटकन धरतो. म्हणून अन्न आणि औषध कारखान्यांत स्टेनलेस स्टील वापरतात.

त्यातही दोन ग्रेड जास्त चालतात. ३०४ आणि ३१६ एल. ३१६ एल मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, त्यामुळे मिठाचा आणि क्लोरीनचा मारा तो चांगला सहन करतो. लोणचं, खारवलेली मासळी, चीज, जिथे मीठ भरपूर आहे तिथे ३०४ वर बारीक खड्डे पडतात. बाहेरून ते टाचणीच्या टोकाएवढे दिसतात, जिवाणूसाठी ती गुहा असते.

वेल्डिंगनंतर स्टीलवर निळसर काळे डाग राहतात. ते ॲसिडने साफ करावे लागतात, नाहीतर स्टेनलेस असूनही नेमकं तिथूनच गंज सुरू होतो.

७. ड्रेन आणि फरशीचा सांधा

तज्ज्ञ ज्या जागेकडे सगळ्यात आधी बघतात ती ही. स्टील आणि फरशी वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात. १० मीटर लांबीचा स्टीलचा चॅनेल ६० अंशांनी तापला तर तो मोकळा असताना साधारण १० मिमी वाढतो. दुधाच्या कारखान्यात ७० ते ८० अंशांचं पाणी दिवसातून अनेक वेळा ड्रेनमध्ये पडतं. प्रत्येक वेळी चॅनेल ताणला जातो आणि आकसतो. काही महिन्यांत कडेला भेग पडते. त्या भेगेतून पाणी फरशीच्या खाली जातं आणि तिथे जे साठतं ते कोणत्याही ब्रशने निघत नाही. वरून ट्रॉली गेली की ते दाबाने पुन्हा वर येतं.

यावर उपाय म्हणजे ड्रेनची कड भक्कम हवी, आतून पोकळ नको आणि कडेला लवचीक सांधा भरलेला हवा. फरशीचा वरचा थर गरम पाणी सोसणारा हवा. साधा इपॉक्सी थर गरम गार होऊन उखडतो, म्हणून ओल्या आणि गरम भागात पॉलियुरेथेन काँक्रीट वापरलं जातं.

जाळी किती वजन पेलते हेही बघावं लागतं. युरोपच्या ईएन १४३३ मानकात चॅनेल ड्रेनचे ए १५ पासून एफ ९०० पर्यंत वर्ग आहेत, म्हणजे साधारण दीड टनापासून ९० टनांपर्यंत. पॅलेट ट्रकची चाकं लहान आणि टणक असतात, त्यामुळे सगळं वजन एका बिंदूवर येतं. हलकी जाळी वाकली की ती नीट बसत नाही आणि मग कुणी तिला उचलतही नाही.

८. ट्रॅप

ट्रॅपमध्ये साधारण ५० मिमी पाणी उभं असतं. गटारातली हवा आणि आपल्यामध्ये एवढीच काय ती भिंत. घरगुती मोरीत असते तशी उलट्या वाटीची रचना कारखान्यातही असते. ती काढता आली पाहिजे, म्हणजे खाली ब्रश घालता येतो. पण काढलेली वाटी परत लावली गेली पाहिजे, हेही तेवढंच महत्त्वाचं.

ट्रॅप सुकण्याचा धोका हंगामी कारखान्यांना जास्त. आंबा कॅनिंग उन्हाळ्यात काही आठवडे चालतं, नंतर युनिट बरेच महिने बंद. तेवढ्या काळात पाणी उडून जातं आणि पुढच्या हंगामात शटर उघडतं तेव्हा झुरळांनी आधीच ताबा घेतलेला असतो. बंद काळातही ठरावीक दिवसांनी प्रत्येक ड्रेनमध्ये पाणी ओतणं, किंवा ड्रेन झाकणाने घट्ट बंद करणं, हा साधा उपाय. जो ड्रेन कधीच वापरात येणार नाही तो कायमचा बुजवलेला बरा.

९. जमिनीखालचा पाइप

पाइपाबद्दल एक गैरसमज आहे की जेवढा मोठा तेवढा चांगला. तसं नसतं. मोठ्या पाइपात थोडं पाणी उथळ वाहतं आणि गाळ मागे राहतो. पाण्याने स्वतःच पाइप साफ ठेवावा यासाठी किमान सेकंदाला ०.६ मीटर वेग धरला जातो. तो मिळेल असा पाइपाचा व्यास आणि उतार निवडायचा असतो.

९० अंशांच्या एका वळणाऐवजी ४५ अंशांची दोन वळणं द्यावीत. पुढचा पाइप मागच्यापेक्षा लहान कधीच नको. वळणांवर आणि लांब सरळ रेषेत ठरावीक अंतरावर साफसफाईचं तोंड ठेवावं.

पाइपाचं मटेरियलही बघावं. आपल्याकडे सगळीकडे दिसणारा यूपीव्हीसी पाइप ६० अंशांच्या वर मऊ पडायला लागतो. ८० अंशांचं पाणी त्यातून रोज गेलं तर तो मध्येच झोल खातो. पाणी तिथेच साचतं आणि तुंबण्याची कायमची जागा तयार होते.

१०. पाणी कुठून कुठे जाणार?

नियम असा की पाणी स्वच्छ भागाकडून घाण भागाकडे वाहिलं पाहिजे. पनीर पॅकिंगच्या खोलीतलं पाणी कच्चं दूध उतरवण्याच्या भागाकडे गेलं तर चालेल, उलटं अजिबात नाही. संडास बाथरूमची लाइन प्रक्रियेच्या लाइनला इमारतीच्या आत जोडायची नाही.

आणि कोणत्याही मशीनचा पाइप थेट ड्रेनमध्ये घुसवायचा नाही. मध्ये मोकळी हवा हवी. पाइपाच्या व्यासाच्या दुप्पट आणि किमान २५ मिमी, असा ढोबळ नियम आहे. उद्या ड्रेन तुंबला तर पाणी फरशीवर येईल, मशीनमध्ये चढणार नाही.

सगळ्यात चांगला ड्रेन म्हणजे नसलेला ड्रेन?

काही ठिकाणी हेच खरं आहे. इंजेक्शनसारखी निर्जंतुक औषधं बनतात त्या सगळ्यात स्वच्छ खोल्यांमध्ये, म्हणजे युरोपियन नियमांतल्या ग्रेड ए आणि बी भागांत, सिंक आणि ड्रेन यांना बंदीच आहे. बिस्किटं, पीठ, मसाले अशा कोरड्या कारखान्यांतही पाणीच आणू नये असा प्रयत्न असतो. पाणी नाही तर जिवाणूची वाढ नाही. तिथे व्हॅक्यूम आणि ब्रशने सफाई होते.

पण दूध, मासळी, फळं, मांस यांना पाण्याशिवाय गत्यंतर नाही.

साफ कसा करायचा?

डिझाइन कितीही चांगलं असलं तरी ड्रेन हाताने घासावाच लागतो. क्रम साधारण असा.

- उत्पादन सुरू असताना ड्रेनला हात लावायचा नाही. आजूबाजूला उघडं अन्न नको.
- आधी बास्केटमधला कचरा डब्यात. तो ड्रेनमध्येच आपटून रिकामा करायचा नाही.
- जाळी, बास्केट, ट्रॅपची वाटी बाहेर काढून वेगळी धुवायची. अन्नाच्या भांड्यांच्या सिंकमध्ये नाही.
- डिटर्जंट घालून ब्रशने घासायचं. घासल्याशिवाय बायोफिल्म निघत नाही.
- कमी दाबाच्या पाण्याने धुवायचं. प्रेशर पाइप नाही.
- मग जंतुनाशक आणि त्याला दिलेला वेळ. घाणीवर ओतलेलं जंतुनाशक वाया जातं.
- सगळे भाग परत जागेवर.
- अन्नाला लागणाऱ्या यंत्रांचं शेवटचं निर्जंतुकीकरण ड्रेन साफ झाल्यावर, आधी नाही.

ड्रेनचा ब्रश वेगळ्या रंगाचा ठेवतात, म्हणजे चुकूनही तो टेबलावर जात नाही. हातमोजेही वेगळे.

साफ करणाऱ्या माणसाचं काय?

ड्रेनची चर्चा अन्नावर संपते, पण रोज त्याच्यासमोर गुडघ्यावर बसणारा माणूसही आहे. जड जाळी, निसरडी फरशी, कॉस्टिकचे शिंतोडे, हे सगळं त्याच्या वाट्याला येतं.

खरा धोका पुढे, चेंबर आणि सांडपाण्याच्या टाकीत असतो. कुजणाऱ्या गाळातून हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो. सुरुवातीला सडक्या अंड्याचा वास येतो, पण प्रमाण वाढलं की नाकाला वास कळेनासा होतो आणि माणूस काही श्वासांत कोसळतो. त्याला वाचवायला उतरणारा दुसराही अडकतो. सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटार किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. पाइपाला जमिनीच्या पातळीवर सफाईचं तोंड ठेवलं, गाळ वरच्या बास्केटमध्येच अडवला, तर कुणाला खाली उतरायची वेळच येत नाही.

कायदा काय सांगतो?

ओल्या फरशीचा निचरा ही गोष्ट आपल्याकडे जुनीच. १९४८ च्या कारखाने अधिनियमातल्या कलम ११ मध्येच लिहिलं होतं की प्रक्रियेमुळे फरशी ओली होत असेल तर निचऱ्याची परिणामकारक सोय करावी आणि ती टिकवावी.

अन्न उद्योगासाठी एफएसएसएआयच्या २०११ च्या परवाना आणि नोंदणी नियमांमधलं परिशिष्ट ४ लागू होतं. निचरा आणि कचऱ्याची व्यवस्था अशी हवी की अन्न किंवा पिण्याचं पाणी दूषित होण्याचा धोका राहणार नाही, असं त्यात म्हटलं आहे. ड्रेनमधून बाहेर पडणारं सांडपाणी १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याखाली येतं. त्यावर प्रक्रिया केल्याशिवाय ते नाल्यात किंवा नदीत सोडता येत नाही.

छोट्या युनिटने काय करावं?

गावातली पनीरची युनिट, बचत गटाचा लोणच्याचा उद्योग, छोटं फिश प्रोसेसिंग, यांना सगळी फरशी फोडून नवीन ड्रेन बसवणं परवडत नाही. तरी काही गोष्टी फार पैसे न लावता होतात.

फरशीवर बादलीभर पाणी ओता आणि दहा मिनिटांनी बघा. जिथे डबकं उरलं तिथे उतार चुकलाय, आधी तेवढाच भाग दुरुस्त करा. ड्रेनवर आलेलं सामान हलवा. दोन बास्केट घ्या, एक भरली की दुसरी लावायची. कचरा पाण्याने ढकलण्याआधी कोरडा झाडून उचला, यानेच निम्मा त्रास कमी होतो. कडेच्या भेगा भरून घ्या. प्रेशर पाइप ड्रेनपासून लांब ठेवा. आणि प्रत्येक ड्रेनला नंबर देऊन तो कधी साफ केला याची वही ठेवा.

शेवटची गोष्ट, ड्रेनमध्ये जंतू सापडले म्हणजे कारखाना वाईट असं नाही. उलट, चांगले कारखाने ड्रेनचे नमुने मुद्दाम तपासतात. शेडमध्ये लिस्टेरिया कुठेही असला तरी धुतलेल्या पाण्याबरोबर तो ड्रेनपर्यंत येतो. म्हणजे पदार्थात पोहोचण्याआधी त्याची खबर देणारी जागा हीच.

त्यामुळे एखाद्या डेअरीत किंवा फूड युनिटमध्ये जायचा योग आला तर चकचकीत मशीन बघून झाल्यावर एकदा खाली, फरशीकडेही बघा. तिथे डबकं नसेल, जाळी जागेवर असेल आणि वास येत नसेल, तर त्या कारखान्याने बऱ्याच गोष्टी बरोबर केल्या आहेत असं समजायला हरकत नाही.